वीणेचा पहारा

माघाची चाहूल लागते तेव्हा थंडीची धार बोथट झालेली असते, आंब्याच्या फांद्यांवर मोहोर दाटलेला असतो आणि गोड बोलण्याची जी वचने आपण एकमेकांना तिळगुळासोबत दिली, त्यांना जेमतेम तीन आठवडे उलटलेले असतात. नव्या वर्षाचे संकल्प अजून पुरते विसरलेले नसतात, मार्चअखेरीचे हिशेब वेशीपाशी आलेले असले तरी दारात उभे राहिलेले नसतात. अशा या मधल्या, काहीशा मोकळ्या दिवसांत ४ फेब्रुवारीची तारीख येते आणि जगभर कर्करोग दिन पाळला जातो. सन २००० मध्ये पॅरिसला भरलेल्या कर्करोगविरोधी जागतिक परिषदेत याच तारखेला एका सनदेवर स्वाक्षऱ्या झाल्या आणि तेव्हापासून हा दिवस ठरला. पाव शतक झाले त्याला. एखादी तारीख पाव शतक टिकली की ती आपल्या पंचांगात रुजते. सण नसला तरी तिथीसारखी येत राहते, आणि थोडे थांबून मागे-पुढे पाहायला लावते.

या दिवशी काय काय होते, ते आपल्या परिचयाचे आहे. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, तंबाखू सोडण्याच्या शपथा घेतल्या जातात, दवाखान्यांतून तपासणीची शिबिरे भरतात, तज्ज्ञ लिहितात, बोलतात. हे सारे हवेच आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नव्या रुग्णांची भर पडणार होती, आणि दर नऊ भारतीयांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार गाठण्याची शक्यता वर्तवली गेली होती. आकडा मोठा आहे, पण तो रुग्णांचा आहे. एवढ्या फाइली उघडल्या जातात तेव्हा निदान तितकीच माणसे त्या फाइली काखेत धरून रांगेत उभी राहतात, आणि त्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही. त्यांचा रक्तदाब कुणी मोजत नाही, रात्री झोप लागते का असे कुणी विचारत नाही. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ असा पुकारा झाला की ती खुर्चीतून उठतात, कागद घेतात, सही करतात, पुन्हा बसतात. आजच्या दिवशी आपण त्या खुर्चीकडे पाहायचे आहे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची कहाणी आपण एका मोठ्या दानाची कहाणी म्हणून ऐकत आलो आहोत. तिच्यात एक नवराही आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ च्या जूनमध्ये, मायदेशापासून फार दूर, वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींनी पुढच्याच वर्षी या आजारावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे न्यास स्थापन केला, स्वतःची संपत्ती आणखी एका न्यासाकडे सोपवली आणि पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तिच्या समाधीपाशी जाण्यासाठी ते निघाले. ते तिथे पोचले नाहीत. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन या गावी त्यांचे निधन झाले. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचे रुग्णालय उघडले, तेव्हा ज्यांच्या दुःखातून ते उभे राहिले ती दोघे इंग्लंडमधल्या ब्रूकवूडच्या दफनभूमीत शेजारी शेजारी विसावली होती.

दोराबजींचे वय तेव्हा सत्तरीपलीकडे होते, त्यांच्या जाण्याचा संबंध पत्नीच्या जाण्याशी जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरी हे मनात आल्यावाचून राहत नाही की एकाच्या आजारपणात दुसरे माणूस झिजत असते आणि ते झिजणे कुठल्याच अहवालात उतरत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ वर्षांवरील जोडप्यांचा चार वर्षे मागोवा घेतला होता. आजारी जोडीदाराचे करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूची जोखीम अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळली. ती माणसे वयस्क होती, त्यांच्या घरची आजारपणे नाना प्रकारची होती, तेव्हा तो आकडा उचलून आपल्या घरांना लावता येणार नाही. पण आपल्या आज्यांना हे आकड्यावाचून कळत होते. आजाऱ्याचा मेतकूट-भात कालवताना त्या करणाऱ्याच्याही पुढ्यात ताट सरकवत आणि तो जेवेपर्यंत समोरून हलत नसत.

झिजणे म्हणजे नेमके काय, हे मात्र बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडे जवळ जाऊन पाहावे लागते. केमोची सायकल ठरलेली असते, समजा एकवीस दिवसांनी. त्या आधी रक्त तपासायचे, ‘काउंट’ वर आले आहेत का ते पाहायचे. नसतील तर सायकल पुढे जाते आणि तिच्याबरोबर ऑफिसची मागून घेतलेली रजा, गाडीचे आरक्षण, मुलीची चाचणी परीक्षा आणि शेजारणीला दिलेला शब्द हे सगळे पुन्हा जुळवावे लागते. केमोनंतरच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे, असे सिस्टरने बजावलेले असते. म्हणून थर्मामीटर उशाशी येतो आणि रात्री दोनदा-तीनदा कपाळावर हात ठेवून पाहण्याची सवय जडते, जी पुढे आजार सरल्यावरही सुटत नाही. आजाऱ्याचे तोंड आलेले असते, तिखट चालत नाही. वासाने मळमळते, म्हणून महिनोन्महिने घरात फोडणी पडत नाही. मुले कुरकुर न करता वरणभात खातात आणि त्यांच्या त्या शहाणपणाचेच अधिक वाईट वाटते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी कुठवर आली, शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव एका काना-मात्रेने का वेगळे आहे, कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती बाहेरून करावी लागेल, हे शिकता शिकता बारावी नापास झालेली बाई अर्धी कारकून आणि अर्धी परिचारिका होते. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांचे दुखणे, बीपीची गोळी, वर्षभर लांबलेला चष्म्याचा नंबर, हे ‘यांचे एवढे होऊ दे, मग बघू’ या एका वाक्याखाली जाते.

आणि शरीराच्या पलीकडेही एक हिशेब असतो, ज्याबद्दल आपल्या घरांत बोलायची रीत नाही. आजारी माणूस चिडतो, ताट सरकवतो, ‘तुला काय कळणार’ म्हणतो. करणाऱ्याच्या मनात रागाची एक तिडीक उठते आणि त्याच क्षणी तिची शरमही वाटते. हसू आले तर अपराधी वाटते, कुणाच्या लग्नाला गेले तर अपराधी वाटते, रात्री गाढ झोप लागली तर सकाळी अपराधी वाटते. फार लांबलेल्या आजारपणात एखाद्या पहाटे ‘आता सुटका होऊ दे’ असेही मनात येऊन जाते. त्यांची सुटका की आपली, हे त्या क्षणी वेगळे काढता येत नाही. ज्यांच्या मनात हे आले त्यांनी ते कुणाला सांगितलेले नसते. हा विचार बहुतेक सगळ्यांच्याच मनात येतो आणि त्याने माया उणी होत नाही, एवढे कुणीतरी वेळेवर सांगितले असते तर पुढची कितीतरी वर्षे हलकी गेली असती. या वेदनेसाठीही आता मदत मिळते. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. वेडेपणाच्या तक्रारीसाठीच असा फोन करायचा असतो, हा समज मात्र आपल्याला आधी घरातून घालवावा लागेल.

त्यातही आपल्याकडे एक जादा ओझे असते, ते गुपिताचे. बायॉप्सीचा रिपोर्ट येतो, तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात पडतो आणि डॉक्टरांच्या खोलीचे दार लोटून पहिले वाक्य येते: ‘त्यांना काही सांगू नका.’ यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या वाक्यापासून घरात एक नाटक सुरू होते, ज्याचे प्रयोग रोज असतात आणि नटाला सुट्टी नसते. गाठीला ‘साधी गाठ’ म्हणायचे, रेडिएशनला ‘शेक’ म्हणायचे, फाइलवरचे रुग्णालयाचे नाव झाकायचे, भेटायला येणाऱ्याला जिन्यातच गाठून पढवायचे. आणि आजारी माणसाला बहुतेक वेळा सगळे कळलेले असते. आपल्या माणसाला त्रास नको म्हणून तोही न कळल्याचे दाखवत असतो. दोघे एकाच खोलीत, एकमेकांना जपत, एकेकटे. सांगावे की न सांगावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते आणि किती जाणून घ्यायचे हे ठरवण्याचा पहिला हक्क रुग्णाचा असतो. पण हे गुपित एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते, याचा विचार ‘सांगू नका’ म्हणणाऱ्या दहा नातेवाइकांनी करायला हवा. ही कोंडी हलक्या हाताने सोडवू शकणारे समुपदेशक आता मोठ्या कर्करोग रुग्णालयांतून असतात. त्यांची खोली सहसा फार गजबजलेली नसते.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे स्पष्ट बोलले तर कुणी रागावू नये, कारण यांत आपण सगळेच आहोत. शहाळी, सफरचंदे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आपण जातो. बसतो. मग कुणाच्या तरी मेहुण्याला अमक्या गावच्या वैद्याच्या पुडीने कसा गुण आला ते सांगतो, साखर बंद करायला सांगतो, पपईच्या पानांचा रस सुचवतो, मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवतो, आणि निघताना दारात हळूच विचारतो, ‘आधी कसे लक्षात आले नाही हो तुमच्या?’ तोवर करणाऱ्या माणसाने चहा टाकलेला असतो, कप विसळलेले असतात आणि त्या प्रश्नाचे उत्तर तो रात्रभर स्वतःला देत बसणार असतो. आपली भेट अशी पार पडते.

आपल्याकडे आणखी एक नाणे सहज खर्चले जाते, ते म्हणजे कौतुकाचे. ‘तिने फार केले हो सासूचे’, ‘पोरगा श्रावणबाळ निघाला’, ‘देवाच्या जागी आहे ती माउली’. ऐकायला गोड, पण असे बोलणाऱ्याला पदरचे काही द्यावे लागत नाही. आणि ज्याला देव्हाऱ्यात बसवले त्याला पुढे ‘आज मला होत नाही’ असे म्हणायची सोय राहत नाही. हे देव्हाऱ्यात बसणे बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात एखाद्या दिवशी वेळ देणाऱ्या बायका शंभरांत जवळजवळ २८ आणि पुरुष १४ आढळले. आणि जे देतात त्यांच्यातही बायकांचा सरासरी वेळ दिवसाला १३४ मिनिटे, तर पुरुषांचा ७६ मिनिटे भरला. पुरुष करतच नाहीत असे नव्हे. बायकोच्या केमोच्या दिवसांत मुलीच्या वेण्या घालायला शिकलेले, राइल्स ट्यूबमधून पेज द्यायला शिकलेले पुरुष आपल्या आसपास आहेत. त्यांची अडचण निराळी. बायकांच्या वॉर्डात रात्री थांबता येत नाही आणि ‘खंबीर राहा’ याखेरीज त्यांच्याशी कुणी दुसरे काही बोलत नाही.

आपल्या रीतीरिवाजांकडे पाहिले की एक गोष्ट विचार करायला लावते. जन्माच्या वेळी घराने काय करायचे, ते आपल्याला पाठ आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येते, डिंकाचे लाडू होतात, आळिवाची खीर होते, आणि सव्वा महिना त्या पोरीने पाण्यात हात घालायचा नाही हे घरातले लहान मूलही सांगते. मृत्यूच्या वेळी काय करायचे, तेही पाठ आहे. ज्या घरातून माणूस गेले त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठले-भात येतो, कुणी मुलांना घेऊन जाते, कुणी स्मशानाची तयारी पाहते, बारावा-तेरावा होईपर्यंत घर एकटे पडत नाही. कुणाला काही सांगावे लागत नाही, ठरवावे लागत नाही, हाक मारावी लागत नाही. समाजाचे हात आपोआप पुढे येतात. मग या दोहोंच्या मधला, वर्षभर, दोन वर्षे, कधी पाच वर्षे चालणारा आजारपणाचा जो लांबच लांब काळ, त्यासाठी आपल्यापाशी रीत का नसावी? कदाचित पूर्वी तो इतका लांबत नसेल, कदाचित घरे मोठी होती म्हणून तिची गरज भासली नसेल. आज घरात तीन माणसे असतात, त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले, दुसरे नोकरीवर आणि तिसरे दहावीत. मेल्यावर पिठले-भात आणणारे शेजार आजारपणातल्या मंगळवारी का येत नाही? मायेचा दुष्काळ पडलेला नाही. नेमके कधी आणि काय करायचे याची घडी बसलेली नाही, एवढेच.

ती घडी कशी असते, हे खरे तर आपल्या गावोगाव माहीत आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली टेकत नाही. पण ती एकाच माणसाच्या गळ्यातही सात दिवस राहत नाही. पहारा लावलेला असतो, कुणाची वेळ कोणती हे मंदिराच्या भिंतीवरच्या कागदावर लिहिलेले असते. रात्री दोनचा पहारा ज्याच्याकडे असतो तो घोंगडे पांघरून वेळेआधी येतो, आधीच्याच्या पायावर डोके ठेवतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. आधीचा माणूस घरी जाऊन झोपतो आणि त्याची भक्ती कमी पडली असे कुणाच्या मनातही येत नाही. ज्या गावाला वीणेचा असा पहारा लावता येतो, त्याला एका आजारी माणसाचा पहाराही लावता येईल. सोमवारचा डबा एका घराचा, केमोच्या दिवशी गाडी दुसऱ्याची, मुलांचा अभ्यास तिसऱ्या घरी, आणि आठवड्यातून एक रात्र सोबतीला झोपायला भाचा. भिंतीवरच्या कागदाचे काम आता इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावरही होईल. तिथे सुप्रभातच्या फुलांखेरीजही जागा आहे.

असे घडू शकते, याचा पुरावा हवा असेल तर केरळकडे पाहावे. कोझिकोडमध्ये १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे त्यातून गल्लीगल्लीत स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. दुकानदार, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, गृहिणी अशी साधी माणसे आठवड्यातले काही तास देऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली. तिथे गेल्यावर त्यांना कळले की मॉर्फिनइतकीच तांदळाची गरज आहे, आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचीही. २००८ मध्ये तिथल्या सरकारने परिहार सेवेचे, म्हणजे आजार बरा होण्यासारखा नसला तरी वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचे, धोरण आखले, आणि पंचायतींच्या मार्फत परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांच्या शुश्रूषेसाठी शांती आवेदना सदन सुरू केले, देशातले अशा प्रकारचे ते पहिले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र विनामूल्य चालते. तिथली एक पद्धत फार शहाणी आहे. रुग्णासोबत घरचे माणूसही तिथे राहते आणि शिकते: कूस कशी बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत आणि उचलणाऱ्याची कंबरही धरत नाही, जखम कशी धुवायची, नळीतून अन्न कसे द्यायचे, वेदनेची गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता वेळेवर का द्यायची. करणाऱ्याची निम्मी भीती ‘आपल्या हातून काही चुकेल’ या धास्तीची असते. ती शिकून जाते, धीर देऊन जात नाही. परगावच्यांसाठी परळ-दादरच्या आसपास गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, नाना पालकर स्मृती समिती आहे. आणि कर्करोगग्रस्त मुलांना आईवडिलांसह राहता यावे म्हणून २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था घरे चालवते. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. आजाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या नावाने छप्पर उभे राहावे, यापरते त्यांना आवडले असते असे दुसरे काय असेल? तरीही या छपरांखाली न मावणारी माणसे रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर, प्लास्टिकच्या कागदावर, स्टोव्ह आणि फाइल उशाशी घेऊन झोपलेली आपण पाहतो. नांदेड, यवतमाळ, जळगावाहून आलेली असतात ती. गावी सोयाबीन काढणीला आलेले असते, म्हैस शेजाऱ्याकडे बांधलेली असते, थोरल्या मुलीची शाळा ‘तात्पुरती’ सुटलेली असते.

सरकारी व्यवस्थेला सोबतचे माणूस अगदीच दिसत नाही असेही नाही. रेल्वेला ते केव्हाचे दिसले आहे. उपचारांसाठी निघालेल्या कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण सवलत मिळते, तशी त्याच्या सोबत्यालाही ७५ टक्के मिळते, कारण हा रुग्ण एकटा प्रवास करू शकत नाही हे त्या खात्याला पटलेले आहे. हीच साधी गोष्ट आपल्या रजेच्या नियमांना पटायची आहे. जपानमध्ये घरातल्या आजारी माणसाच्या काळजीसाठी प्रत्येक व्यक्तीमागे ९३ दिवसांपर्यंतची रजा तीन हप्त्यांत घेता येते. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवड्याची, बिनपगारी का होईना, पण हक्काची रजा दिली. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या माणसाला आजारी आईसाठी अशी वेगळी रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. तो वरिष्ठांच्या मर्जीवर सुट्ट्या मागतो, त्या संपल्या की पगार कापून घेतो आणि शेवटी, बहुधा ती बाई असेल तर, नोकरी सोडतो. कायदा यायचा तेव्हा येवो. ज्यांच्या हाताखाली दहा माणसे काम करतात अशा आपल्यातल्या प्रत्येकाला आपल्यापुरता नियम आजही करता येतो.

दूरदेशी असलेल्यांनाही हे लागू आहे. न्यूजर्सीला किंवा मेलबर्नला असलेला भाऊ पैसे पाठवतो, रात्री व्हिडिओ कॉलवर रिपोर्ट पाहतो आणि नव्या औषधाची माहिती पाठवतो. इथली बहीण ते सगळे ऐकते आणि तिच्या आवाजातला कोरडेपणा त्याला कळत नाही. त्याने विमा कंपनीचा पाठपुरावा आपल्याकडे घ्यावा, रात्रीच्या आयाबाईंचा पगार परस्पर द्यावा, आणि शक्य झाले तर त्याने सगळे संपल्यावर दिवसांसाठी येण्याऐवजी उपचार ऐन भरात असताना तीन आठवड्यांसाठी यावे आणि त्या तीन आठवड्यांत बहिणीला तिच्या घरी पाठवावे. सल्ला मात्र विचारल्यावरच द्यावा.

आजार सरतो, कधी बरे होऊन, कधी दुसऱ्या वाटेने. बरे झालेल्यांच्या घरी पेढे वाटले जातात आणि करणाऱ्याचे काम संपले असे सगळे धरून चालतात. पण दर सहा महिन्यांच्या तपासणीआधी त्याच्या पोटात उठणारा गोळा कुणाला दिसत नाही. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांच्या घरी तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, आणि दोन वर्षे ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती त्यांना दिवसभर काही काम उरत नाही. सकाळी सहाला गोळीची वेळ झाली म्हणून जाग येते. आणि इथेच आपल्या परंपरेने एक फार मोठा अन्याय करून ठेवला आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते. जिने नवऱ्याचे दोन वर्षे हगणेमुतणे काढले, जिच्या सेवेची गावभर वाहवा झाली, तिलाच तो गेल्यावर आपण बोलावणे बंद करतो. तिला माणसांची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच दिवसांत तिच्यासाठी दार लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवेच्या वाट्याला येणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे अनुकरणासाठी ठेवला. ठरावाचा कागद दप्तरात राहतो. हळदीकुंकवाची यादी मात्र घरातल्या बाईच्या हातात असते. तिने एक नाव परत लिहिले की झाले.

आणि या आठवड्यात करण्यासारखे म्हणाल तर आपल्या माहितीत असे एक तरी घर असेलच. तिथे फळे घेऊन जाऊ नये. आधी फोन करून ‘काही लागले तर सांगा’ असेही म्हणू नये, कारण तसे कुणी कधी सांगत नाही. ‘शनिवारी तीन ते सहा मी येऊन बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या’ असे नेमके सांगावे. करणारी मुलगी किंवा बहीण असेल आणि आजार स्तनाचा असेल, तर तिची स्वतःची तपासणी झाली आहे का हे मात्र जरूर विचारावे, कारण अशा घरातल्या बायकांनी ती टाळायची नसते आणि नेमक्या त्याच ती टाळत राहतात. पोचल्यावर औषधांचा कागद समजून घ्यावा, पाण्याचा जग आणि बेडपॅन कुठे आहे ते पाहून ठेवावे, डॉक्टरांचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये घ्यावा. आजारी माणसाला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर पेपर वाचत बसावे. करणारी दारात घुटमळेल, चपला घालून पुन्हा आत येईल, एकदा राहिलेली सूचना देईल. तिला जाऊ द्यावे, आणि परत आल्यावर इतका वेळ कुठे होतीस असे विचारू नये.